टक्क्याच्या चिन्हाने गिळलेली वाक्यं: एका पीएचडी प्रबंधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मावसबहिणीच्या पीएचडीची गोष्ट आहे. तिला विचारूनच लिहितोय, तरी कॉलेज, विद्यापीठ, गाईड कुणाचंच नाव टाकत नाहीये आणि ओळखू येतील असे दोनचार तपशील इकडचे तिकडे केलेत. ताई खानदेशात एका कॉलेजवर मराठी शिकवते. तिचा विषय म्हणजे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या फड पद्धतीतले शब्द. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, खालच्या शिवाराचे पाडलेले फड, आणि एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. पाणी वाटायला पाटकरी, राखण करायला जागल्या, देखरेखीला हवालदार. तीनचारशे वर्षं चालत आलेली व्यवस्था, आणि तिचे शब्द आता म्हाताऱ्या माणसांबरोबर चाललेत. ताईने गावोगाव फिरून, बांधावर बसून ते गोळा केले. काम एक नंबर होतं, गोंधळ सगळा फाइलीचा होता.

फाइल २०१६ पासूनची. सात प्रकरणं. पहिली तीन तालुक्याच्या गावातल्या डीटीपीवाल्या काकांनी टाइप करून दिलेली, त्यांच्या जुन्या फॉन्टात, म्हणजे युनिकोड (मराठीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला स्वतःचा कोड) नाही, कीबोर्डवर इंग्रजी अक्षरंच दाबायची आणि फॉन्टने त्यांना मराठीचा मुखवटा घालायचा तो प्रकार. पुढची दोन प्रकरणं लॉकडाऊनमध्ये मोबाइलला बोलून बोलून लिहिलेली. शेवटची दोन लॅपटॉपवर. सगळं एकाच वर्ड फाइलीत कॉपी-पेस्ट करून जोडलेलं, तीनशेच्या वर पानं, नाव 'फायनल नवीन फायनल ३'.

आणखी दोन पात्रं आहेत. एक तिचे गाईड सर, रिटायरमेंटला आलेले, पण लॉकडाऊनमध्ये नातवाकडून वर्डमधल्या कॉमेंट आणि ट्रॅक चेंजेस (केलेली दुरुस्ती खुणेसकट दाखवायची सोय) शिकलेले आणि त्याचा सार्थ अभिमान असलेले. दुसरा मी. पुण्यात आयटीत आहे, एमएस्सीचा प्रोजेक्ट रिपोर्ट लेटेकमध्ये (मजकुरात आज्ञा टाइप करायच्या आणि त्यातून छपाईला तयार पान काढायचं, असं सॉफ्टवेअर) लिहिला होता आणि तेव्हापासून वर्डमध्ये लिहिणाऱ्यांकडे जरा वरून बघायची सवय लागली होती. हे आधीच सांगतो कारण पुढे जे झालं त्यात या सवयीचा हात मोठा आहे.

अडचण

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ताईचा फोन. "अरे, अनुक्रमणिकाच बनत नाहीये. एकतीस मार्चला सबमिट करायचंय, आता मुदतवाढ मिळणार नाही." मी म्हणलं पाठव फाइल, बघतो. उघडली आणि अर्धा तास नुसता बघत बसलो.

शीर्षकं म्हणजे साधी वाक्यं बोल्ड करून मोठी केलेली, त्यामुळे वर्डला शीर्षक कुठलं आणि मजकूर कुठला हे कळायला मार्गच नाही, मग अनुक्रमणिका कशातून बनवणार. नवीन प्रकरण नवीन पानावर यावं म्हणून एंटर मारत नेलेलं, कॉलेजच्या प्रिंटरवर पान बरोबर यायचं आणि घरच्या लॅपटॉपवर चार ओळी खाली सरकायचं. तळटीपा पहिल्या तीन प्रकरणांत खऱ्या तळटीपाच नव्हत्या, काकांनी आकडा वर चढवून पानाच्या तळाला अंडरस्कोअरची रेघ ओढली होती आणि खाली टीप टाइप केली होती. वर एक परिच्छेद वाढवला की रेघ आणि टीप दोन्ही पुढच्या पानाच्या मधोमध.

पण खरी गंमत फॉन्टात होती. वर्ड प्रत्येक मजकुरासाठी दोन कप्पे सांभाळतं, एक इंग्रजी अक्षरांचा आणि एक कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा, म्हणजे देवनागरी, अरबी वगैरे. युनिकोड मराठी दुसऱ्या कप्प्यात जाते. काकांचा जुना फॉन्ट मात्र वर्डच्या दृष्टीने इंग्रजीच, तो पहिल्या कप्प्यात. त्यामुळे ताई स्टाइलमध्ये, म्हणजे शीर्षक, मजकूर वगैरेंच्या एकदाच ठरवून ठेवलेल्या साच्यात, साइज चौदा करायची आणि निम्मा प्रबंध बदलायचा, निम्मा जैसे थे. पहिला कप्पा टाइम्स न्यू रोमन केला की काकांची तीन प्रकरणं क्षणात टोप्या-टिंबांच्या फ्रेंचसारख्या अगम्य भाषेत जायची. 'पाटकरी' शोधलं तर पहिल्या तीन प्रकरणांत एकदाही सापडायचा नाही, जिथे तो सगळ्यात जास्त आलाय. यात वर्डचा दोष काढण्यात अर्थ नाही, त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही मराठी आहे.

त्यात विद्यापीठाच्या लायब्ररीला साम्य तपासणीसाठी युनिकोड फाइल हवी होती आणि शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढवायला प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ. म्हणजे जुना फॉन्ट तसाच दडपून नेणं हा पर्याय बादच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ताईचा होता, सगळं परत डीटीपीला द्यायचं. पैसे लागले असते ते सोडा, पण दर दुरुस्तीला तालुक्याला खेप, आणि सर मार्चपर्यंत दुरुस्त्या काढत राहणार हे तिला आणि मला दोघांनाही पक्कं माहीत होतं. काकांकडे परत जुनाच फॉन्ट, तो प्रश्न वेगळाच.

दुसरा, वर्डमध्येच राहायचं पण फाइल सोलून नीट बांधायची, स्टाइल्स लावून. कंटाळवाणं काम. मला त्यात काही थोर वाटलं नाही.

तिसरा, लिब्रेऑफिस, म्हणजे वर्डसारखंच पण फुकट मिळणारं. पानांच्या स्टाइल्स त्यात चांगल्या आहेत, आडव्या पानांवरचे नकाशे सोपे जातात. पण सरांकडे वर्ड, आणि ट्रॅक चेंजेसची फाइल इकडून तिकडे, तिकडून इकडे दहा वेळा जाणार, ती जोखीम घ्यावीशी वाटली नाही. हा पर्याय आम्ही दोन मिनिटांत सोडला, बहुतेक बरोबरच केलं.

चौथा, मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात दोनचार खुणा टाकून, लिहायचं आणि पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने हवं तेव्हा वर्ड, हवं तेव्हा पीडीएफ काढायची. कागदावर हा सगळ्यात शहाणा दिसतो. अडचण एवढीच की सरांनी वर्डमध्ये केलेल्या दुरुस्त्या परत मार्कडाउनमध्ये कुणी आणायच्या? मीच.

पाचवा, लेटेक. मी अर्थातच पाचव्याच्या प्रेमात. ताईला फोनवर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथची गोष्ट रंगवून सांगितली, की १९७७ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत होती, कॉम्प्युटरवर जुळवलेली प्रुफं आली ती इतकी कुरूप की माणसाने ठरवलं आता टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर मीच लिहितो, वर्षभरात होईल असं वाटलं होतं, दहा वर्षं लागली, पण टेक तयार झालं आणि त्यावर लॅम्पोर्टने लेटेक बांधलं. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पुस्तक बाजूला ठेवून तो दहा वर्षं हेच करत बसला? माझ्याकडे तीन महिने आहेत."

मला तेव्हा हा विनोद वाटला होता.

पहिला निर्णय: आधी युनिकोड

हा एक निर्णय मात्र निर्विवाद बरोबर ठरला. हत्यार कुठलंही असो, आधी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मग पुढचं बघायचं.

यातही एकदा फसलो. पहिल्या प्रकरणाचा सगळा मजकूर उचलून ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकला. मराठी बऱ्यापैकी आली, पण तळटीपांमधली इंग्रजी पुस्तकांची नावं पण 'मराठी' होऊन आली, कारण कन्व्हर्टरला काय माहीत कुठलं इंग्रजी अक्षर खरं इंग्रजी आणि कुठलं मुखवटा घातलेलं. उपाय फाइलच्या पोटातच होता. डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल, ही शेवटी झिप केलेली एक्सएमएलची पोतडी, उघडली की प्रत्येक तुकड्यावर त्याचा फॉन्ट लिहिलेला असतो. मग पायथनचं छोटं स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम, लिहिलं, ज्या तुकड्यावर काकांचा फॉन्ट तेवढाच बदलायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. चार रात्री गेल्या.

तरी डोळ्यांनी वाचणं सुटलं नाही. सगळ्यात जास्त चुका 'ऱ्य' ला, म्हणजे चाऱ्या, बंधाऱ्या, दुसऱ्या. आता ज्या प्रबंधात बंधारा आणि चारी हेच मुख्य शब्द त्यात दर पानाला हा अर्धा र येणार, आणि तो कुठे 'चार्या' झालेला तर कुठे 'चार्‍या', म्हणजे दिसायला 'चाऱ्या' सारखाच पण आतून वेगळ्या कोडांनी बनलेला, त्यामुळे शोधताना एक सापडतो आणि एक हुकतो. आम्ही एकच रूप ठरवलं आणि सगळीकडे तेच केलं. रफार पुढच्या अक्षरावर गेलेले, पहिली वेलांटी मागच्या अक्षराला चिकटलेली, हे ताईने आणि तिच्या एका विद्यार्थिनीने मिळून काढलं.

दुसरा निर्णय: लेटेक

जानेवारीचा दुसरा आठवडा. मी पॅनडॉकने सगळी फाइल लेटेकमध्ये ओतली, प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत, झीटेकवर, म्हणजे युनिकोड समजणाऱ्या टेकवर, चालवली. पहिली पीडीएफ निघाली तेव्हा, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. तळटीपा जिथल्या तिथे, अनुक्रमणिका आपोआप, पानांचे समास एकसारखे. फॉन्ट टिरो देवनागरी मराठी घेतला, त्यात श आणि ल मुळातच आपल्या वळणाचे येतात, नाहीतर बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाचे ल आणि श पुढे येतात आणि भाषा मराठी आहे हे वेगळं सांगावं लागतं. एक खोट, या फॉन्टाला बोल्ड नाहीये, म्हणून शीर्षकांना मुक्ता लावला. ताईला पीडीएफ पाठवली, ती म्हणाली, "पुस्तकासारखं दिसतंय रे." मी तीन दिवस हवेत.

ऑनलाइन एडिटरमध्ये प्रोजेक्ट टाकून दिला, म्हणलं आता तू यातच लिही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लेटेकचे धडे आहेत त्यांची लिंक दिली. तिने दोन पाहिले. दिवसाला चार तासिका, परीक्षांचं काम, घरात सासूबाईंचं आजारपण, आणि रात्री अकरा वाजता समोर बॅकस्लॅश आणि महिरपी कंस. एक कंस बंद करायचा राहिला की पुढची अख्खी फाइल लाल. मला रात्री साडेअकराला मेसेज, "लाल झालंय." आठवड्याभरात हे दोन शब्द आमच्या दोघांच्यातली सांकेतिक भाषा झाली.

तक्ते हा वेगळा छळ. कुठल्या बंधाऱ्याला किती फड, कुठल्या फडात कुठलं पीक, पाळी किती दिवसांनी, असे मोठे तक्ते. सरांनी सांगितलं एक रकाना वाढवा, गावाचं नाव घाला. वर्डमध्ये दोन मिनिटांचं काम. लेटेकमध्ये तिने तीन तास घालवले, शेवटी रडकुंडीला येऊन मला फोन, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आणि मी काय म्हणालो तर "अगं सोपंय ते". हे वाक्य मी आजही परत घेऊ इच्छितो.

सरांचं तर विचारायलाच नको. त्यांना पीडीएफ गेली. त्यांना त्यात ट्रॅक चेंजेस करता येईना. मग त्यांनी आपल्या हुशारीने ती पीडीएफ वर्डमध्ये उघडली, वर्डने तिचं रूपांतर करायचा प्रयत्न केला, आणि पीडीएफमधून देवनागरी बाहेर काढताना जे होतं तेच झालं, वेलांट्या सुट्या पडल्या, जोडाक्षरं फुटली, मधले शब्द गायब. सरांनी त्या मोडक्या मराठीवरच पन्नासेक पानं शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या करून पाठवल्या. आणि खाली कॉमेंट, "टायपिंगकडे लक्ष द्यावे. इतक्या चुका अपेक्षित नाहीत." ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

टक्क्याचं प्रकरण

तरीही मी चिकटून होतो. म्हणलं सरांना प्रिंट काढून देऊ, लाल पेनने करतील. प्रिंट गेली. जानेवारीच्या शेवटी सरांचा ताईला फोन, "पाचव्या प्रकरणात तुमचा युक्तिवाद अर्धवट सुटतो. मुद्दा मांडता आणि सोडून देता, असं अनेक ठिकाणी झालंय."

ताई म्हणाली मी तर पूर्ण लिहिलंय. मी फाइल बघितली, पूर्ण होतं. पीडीएफ बघितली, नव्हतं.

ज्यांनी लेटेक वापरलंय त्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. लेटेकमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे 'इथून ओळ संपेपर्यंतचं सोडून दे'. टिप्पणी लिहायची सोय आहे ती. खरं टक्क्याचं चिन्ह हवं तर त्याच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. जुना मजकूर पॅनडॉकमधून गेला होता, त्याने ते बॅकस्लॅश इमानदारीत लावले होते. पण जानेवारीत ताईने जे नवीन लिहिलं ते मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून तिथून चिकटवलेलं, आणि तसं चिकटवलं की अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असते. 'या फडातली ४०% जमीन' असं लिहिलं की चाळीसनंतरचा सगळा परिच्छेद पोटात. पुढचं वाक्य नवीन परिच्छेदातून सुरू, त्यामुळे वरवर बघितलं तर काही तुटल्यासारखं वाटतही नाही. कंस राहिला तर लाल होतं, इथे काहीच लाल नाही, चूक नाही, इशारा नाही. मी सगळ्या फाइलींत टक्का शोधला, अकरा ठिकाणी वाक्यं गेलेली. त्यातला एक परिच्छेद म्हणजे अख्ख्या प्रबंधाचा निष्कर्ष ज्यावर उभा होता तो.

मला हे चिन्ह माहीत नव्हतं असं नाही. पंधरा वर्षं माहीत होतं. इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसऱ्याला सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही.

आणि समोर दिसतं तेच छापलं जातं या तत्त्वाची किंमत मला त्या रात्री कळली. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास ब्राव्हो नावाचा एडिटर झाला, पडद्यावर जे दिसेल तेच कागदावर, तो बनवणाऱ्यांतला चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि वर्ड त्याच वाटेने आलं. आम्ही लेटेकवाले त्याची टर उडवतो की नुसतं दिसण्यावर जातात, रचना बघत नाहीत. पण वर्डमध्ये तुम्ही लिहिलेलं वाक्य तुमच्या डोळ्यांसमोरून असं गुपचूप जात नाही.

तिसरा निर्णय: मागे फिरायचं

फेब्रुवारीचा पहिला रविवार. मी गावी गेलो, ताईच्या ओट्यावर बसून दोघांनी हिशोब मांडला. आठ आठवडे हातात. पुढे जायचं तर ताईने लेटेक शिकायचं, सरांनी पद्धत बदलायची, नाहीतर मी रोज रात्री जागायचं. मागे फिरायचं तर तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात.

ताईने एकच प्रश्न विचारला, "फाइलीला हात कोण कोण लावणार आहे?" ती, सर, तिची विद्यार्थिनी, शेवटी बाइंडिंगवाला. मी त्या यादीत नव्हतोच, आणि लेटेक येणारा मी एकटा. खरंतर हा प्रश्न मी डिसेंबरमध्ये विचारायला हवा होता.

एक मधला मार्ग पण बोलून झाला, वर्डमध्ये काम करायचं आणि शेवटच्या दिवशी पॅनडॉकने लेटेकमध्ये नेऊन सुंदर पीडीएफ काढायची. मोह झाला. पण शेवटच्या दिवशी म्हणजे तीस मार्चला, आणि तेव्हा लाल झालं तर? नको.

मग वर्डचं काम पहिल्यापासून नीट केलं. टेम्प्लेट बनवलं, त्यात मोजून सहा स्टाइल्स: प्रकरण, शीर्षक, उपशीर्षक, मजकूर, अवतरण, तक्त्याचा मथळा. प्रत्येकीत दोन्ही कप्पे भरले, इंग्रजीचा पण आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा पण. मग रिव्ह्यूमधल्या रिस्ट्रिक्ट एडिटिंगमध्ये जाऊन या सहा सोडून बाकी फॉरमॅटिंग बंद करून टाकलं, कुणी बोल्डचं बटण दाबलं तरी काही होणार नाही. ही सोय वर्डमध्ये किती वर्षांपासून आहे आणि मला माहीतच नव्हती, कारण मी वर्डकडे बघायचोच नाही. सरांना एक विनंती केली, बाहेरून काही चिकटवताना 'नुसता मजकूर' हा पर्याय निवडा. सर म्हणाले, "एवढंच ना?"

प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत ठेवलं, जोडणी मार्चच्या शेवटी एकदाच. लेटेकमधला मजकूर पॅनडॉकने परत वर्डमध्ये आणला, शीर्षकं आणि तळटीपा शाबूत आल्या, म्हणजे ते तीन आठवडे अगदीच वाया गेले नाहीत, काकांच्या अंडरस्कोअरवाल्या टीपा मी तेव्हाच खऱ्या तळटीपा केल्या होत्या. आणण्याआधी टक्क्याची ती अकरा चिन्हं दुरुस्त केली हे सांगायला नको.

शब्दसूचीपुरतं लेटेक

एका जागी मात्र मी अडून बसलो आणि तिथे माझं बरोबर निघालं. प्रबंधाच्या शेवटी शब्दसूची होती, साडेचारशेच्या आसपास शब्द, प्रत्येकाचा अर्थ, गाव, सांगणाऱ्याचं वय, वापराचं एक वाक्य. ताईकडे हे सगळं एक्सेलमध्ये होतं. वर्डमध्ये तिने हाताने सजवायला घेतलं होतं, शब्द ठळक, अर्थ साधा, गाव तिरपं, साडेचारशे वेळा. आणि दर आठवड्याला सर म्हणणार गाव आधी घ्या, अर्थ नंतर.

हे काम कमांडवाल्या हत्याराचंच. एक्सेलची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर-फाइल, त्यावर स्क्रिप्ट, त्यातून लेटेक, त्यातून पीडीएफ. रचना बदलायची तर एक ओळ बदलायची. ताईला फक्त एक्सेल दिसणार, लाल काही दिसणार नाही. टक्के वगैरे चिन्हांचा बंदोबस्त स्क्रिप्टमध्येच केला, आता एवढी अक्कल आली होती.

क्रमवारीत थोडा वेळ गेला. पायथनने नुसतं लावलं तर युनिकोडच्या क्रमाने लावतं, त्यात ळ ल च्या लगेच नंतर येतो, आपल्याकडे तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ चं काय करायचं यावर ताई आणि सरांची तासभर चर्चा झाली, शेवटी ठेवायचे की क आणि ज मध्ये घालायचे, दोन्ही पद्धतींचे कोश निघाले सरांच्या कपाटातून. शेवटी ठेवायचं ठरलं. मला क्रमाची एक यादी बनवून स्क्रिप्टला द्यावी लागली, बस. झीटेकमध्ये पीडीएफच्या आत मूळ युनिकोड मजकूर साठवायची एक कळ आहे, ती पण चालू केली, म्हणजे कुणी शब्द कॉपी केला तर वेलांट्या सांडणार नाहीत, निदान जे पीडीएफ वाचक तो मजकूर बघतात त्यांच्यात तरी.

फॉन्ट दोन्हीकडे तोच. पानाचा पहिला आकडा वर्डच्या शेवटच्या पानाच्या पुढचा दिला. तसंही शोधगंगेला वेगवेगळ्या पीडीएफ लागतात, त्यामुळे परिशिष्ट वेगळ्या हत्याराने केलंय याची कुणाला अडचण होण्याचं कारणच नव्हतं. ओळींमधलं अंतर किंचित वेगळं होतं, ते मला दिसतं, दुसऱ्या कुणाला दिसलेलं नाही.

निकाल

प्रबंध सव्वीस मार्चला गेला. अनुक्रमणिका एका क्लिकमध्ये बनली, फक्त छापायच्या आधी सगळं निवडून एफ-नाइन दाबायला ताई विसरली आणि दोन तक्त्यांचे पानांचे आकडे जुनेच गेले. साम्य तपासणीला वर्ड फाइल दिली, तिथे काही अडलं नाही. सरांनी शेवटच्या दीड महिन्यात चारशेच्या वर कॉमेंट केल्या, आणि एकदाही 'टायपिंगकडे लक्ष द्यावे' आलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शब्दसूचीवर बराच वेळ घेतला. दिसण्याबद्दल अवाक्षर नाही. 'बारेकरी' (तोही पाण्याच्याच कामावरचा माणूस) आणि 'पाटकरी' यांच्या कामात गावागणिक फरक का पडतो हे विचारलं.

परत करायचं झालं तर

सरांना पहिल्या दिवशी फोन करून विचारेन की तुम्ही दुरुस्ती कशी करता, कागदावर, वर्डमध्ये की पीडीएफवर. या एका फोनने तीन आठवडे वाचले असते. ताई गणितात पीएचडी करत असती तर मी लेटेकसाठी भांडलो असतो आणि भांडायची गरजही पडली नसती, तिच्या गाईडनाच ते येत असतं, आजूबाजूचे सगळे तेच वापरत असते. मराठी विभागात तसं नाही, आणि ते काही मागासलेपण नाही. पानावर समीकरणच नाही तिथे लेटेकचा अर्धा फायदा तसाही जातो.

शब्दसूची मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी काढली असती. ताईने हाताने सजवलेले दीडशे शब्द फुकट गेले.

आणि दुसऱ्या कुणाला लेटेक द्यायचंच झालं तर आधी ती दहा चिन्हं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देईन जी नुसती टाइप करायची नाहीत, टक्का सगळ्यात वर. छापील पीडीएफ आणि मूळ मजकूर यांची शब्दसंख्या जुळवून बघायचं एक छोटं स्क्रिप्ट लावेन. आम्ही ते लावलं असतं तर त्या अकरा जागा त्याच रात्री सापडल्या असत्या, सरांच्या नजरेची वाट बघावी लागली नसती.

एका गोष्टीवर ताईचं आणि माझं अजून एकमत नाही. ती म्हणते युनिकोड करून लगेच स्टाइल्स लावल्या असत्या तर जानेवारीतच काम आटपलं असतं. मला वाटतं लेटेकमध्ये सगळं एकदा सोलून काढलं नसतं तर वर्डमध्ये ती शिस्त आलीच नसती, आम्ही परत बोल्ड करत बसलो असतो. दोघांकडेही पुरावा नाही.

परवा तिचा फोन आला होता. प्रबंधाचं पुस्तक करायला एक प्रकाशक तयार झालेत. त्यांना फाइल पाठवली तर त्यांच्या डीटीपी ऑपरेटरचा निरोप आला, आमच्याकडे पेजमेकर आहे, युनिकोड चालत नाही, आमच्या फॉन्टात पाठवा. ताईने मला विचारलं, "तुझं ते स्क्रिप्ट उलटं चालतं का रे?"